उंदरांची खानेसुमारी

१९९३ ते २०२२ या तीस वर्षांत अख्ख्या अमेरिकेत हंताविषाणूच्या आजाराचे ८६४ रुग्ण नोंदले गेले. वर्षाला सरासरी २९. तेहतीस कोटींच्या देशात हा आकडा नगण्य म्हणावा असाच. पण नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी तिघांत एकाहून थोडे जास्तच दगावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी, पियानोवादक बेट्सी अराकावा, न्यू मेक्सिकोतल्या राहत्या घरी याच आजाराने गेल्या आणि हा विषाणू काही दिवस जगभरच्या बातम्यांत आला. फुप्फुसांवर बेतलेल्या शंभरातले ३८ मरतात, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. वर्षाला २९, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

उंदरांकडून येणाऱ्या विषाणूंची आकडेवारी वाचताना ही गफलत पावलोपावली होते. अंश डोळ्यांत भरतो, छेद दिसत नाही.

मृत्युदरच घ्या. हंताविषाणू एकच नाही, त्याचं मोठं कुटुंब आहे आणि बहुतेक वेळा प्रत्येक विषाणूचा उंदीरही ठरलेला असतो. उत्तर युरोपात बँक व्होल नावाचा, आखूड शेपटीचा जंगली उंदीर पूमाला विषाणू बाळगतो. त्याची बाधा मूत्रपिंडांना होते, पण शंभरात एकही माणूस मरत नाही. जगभरच्या बंदरांत आणि गटारांत हिंडणाऱ्या तपकिरी उंदराकडचा सेऊल विषाणू शंभरात एखाददुसरा जीव घेतो. कोरिया-चीनच्या शेतांतला, पाठीवर काळा पट्टा असलेला उंदीर हंतान विषाणू पसरवतो; तिथे हे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांपर्यंत जातं. अमेरिकेतल्या डिअर माउसकडचा सिन नोम्ब्रे आणि दक्षिण अमेरिकेतला अँडीज हे दोघे मूत्रपिंडांऐवजी फुप्फुसांवर जातात आणि तिथे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात पोचतं. म्हणजे ‘हंताचा मृत्युदर किती’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी विचारावं लागतं, कुठला उंदीर?

पश्चिम आफ्रिकेतल्या लासा तापाचं गणित याहून बोलकं आहे. १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा या गावी पहिल्यांदा ओळखला गेलेला हा विषाणू मॅस्टोमिस नावाच्या, घराघरांत वावरणाऱ्या उंदराकडून येतो. २०१८ साली नायजेरियात प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्ण होते ६३३ आणि त्यांतले मेले १७१, म्हणजे २७ टक्के. पण याच आजाराबद्दल वर्षानुवर्षं दिला जाणारा ढोबळ अंदाज सांगतो की, पश्चिम आफ्रिकेत वर्षाला १ ते ३ लाख लोकांना लागण होते आणि सुमारे ५,००० मरतात. हा हिशेब एक ते पाच टक्क्यांच्या मधे कुठे तरी येतो. जागतिक आरोग्य संघटना तर एकूण लागण झालेल्यांतले १ टक्काच मरतात असं धरते. तीनही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. लागण झालेल्या दहांतल्या आठांना साधा ताप येऊन जातो किंवा काहीच होत नाही. ते रुग्णालयाची पायरी चढत नाहीत आणि छेदातही येत नाहीत. २७ टक्के हा दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे. विषाणू किती मारक आहे यापेक्षा दवाखाना किती लांब आहे आणि तपासणी कुणाची होते, हे त्यातून जास्त कळतं.

तेव्हा मृत्युदर थोडा बाजूला ठेवू. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या विषाणूंच्या व्यवहारात माझ्या मते तीन आकडे असतात. उंदीर किती आणि त्यांतले बाधित किती, हा पहिला. माणसं किती मेली, हा तिसरा. या दोहोंच्या मधे आणखी एक आकडा आहे, तो म्हणजे माणसाची आणि बाधित उंदराची, किंवा त्याच्या लेंडी-मुताची, गाठ किती वेळा पडली. पहिला आकडा प्राणिशास्त्रज्ञ मोजतात, तिसरा डॉक्टर मोजतात. मधला कुणीच नीट मोजत नाही आणि आजाराचे सगळे चढउतार मात्र त्याच्यावरच चालतात.

मे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एका बिंदूत मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं दोन-चार दिवसांच्या तापाने, फुप्फुसांत पाणी भरून मरू लागली. त्यांतला एक तर लांब पल्ल्याचा धावपटू होता. बहुतेक रुग्ण नवाहो आदिवासी होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने काही आठवड्यांतच हंताविषाणू हुडकून काढला. तोवर हंताविषाणू म्हणजे आशिया-युरोपातला मूत्रपिंडांचा आजार अशीच समजूत होती. कोरियन युद्धाच्या सुमारास, १९५१ ते १९५४ या काळात, संयुक्त राष्ट्रांचे तीन हजारांहून जास्त सैनिक त्याने आजारी पडले होते. त्यामागचा विषाणू मात्र १९७६ उजाडेपर्यंत सापडला नव्हता. त्या वर्षी ली हो-वांग या कोरियन संशोधकांना तो शेतातल्या उंदराच्या फुप्फुसांत सापडला आणि हंतान नदीवरून त्याला नाव मिळालं. अमेरिकेत त्याचा भाऊ निघेल आणि तो मूत्रपिंडं सोडून छातीवर बसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग सापळे लागले. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे १,७०० उंदीर-खारी पकडून तपासल्या गेल्या. तपासलेल्या डिअर माउसपैकी ३० टक्क्यांच्या रक्तात विषाणूच्या खुणा निघाल्या. आता प्रश्न असा की, हे नवीन होतं का? नव्हतं. संग्रहालयांत गोठवून ठेवलेल्या जुन्या उंदरांच्या ऊतींत तोच विषाणू सापडला. जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून मागे जात जात युटातल्या एका रुग्णाचा आजार १९५९ सालचा निघाला. उंदीर तोच, विषाणूही तोच. १९९३ मध्येच एवढी माणसं का मेली?

याचं उत्तर डॉक्टरांच्या हातात नव्हतं. ते न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या, वर्षानुवर्षं सेव्हिलेटाच्या माळावर सापळे लावून उंदीर मोजत बसलेल्या पर्यावरणशास्त्रज्ञांच्या वह्यांत होतं. (असल्या मोजणीला अनुदान मागताना ‘उपयोग काय’ हा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) त्या भागात बरीच वर्षं अवर्षण होतं. मग एल निनोच्या काळात बर्फ आणि पाऊस दोन्ही भरभरून झाले. पिन्यॉन पाइनच्या झाडांना बिया लगडल्या, गवत माजलं, किडे वाढले. डिअर माउसची मादी तीन-साडेतीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वेतायोग्य होतात. मे १९९२ मध्ये जेवढे उंदीर होते त्याच्या दहापट मे १९९३ मध्ये झाले. नवाहो जाणत्यांनी हे आपल्या परीने आधीच बांधून ठेवलं होतं. १९१८ आणि १९३३ सालीही पिन्यॉनचं अमाप पीक आलं होतं, उंदीर झाले होते आणि माणसं अशीच मेली होती, असं त्यांचं सांगणं. घरात उंदराचा वावर होऊ देऊ नये, त्याने उष्टावलेलं धान्य-कपडे ठेवू नयेत, हा त्यांच्याकडचा जुना दंडक आहे. प्रयोगशाळेने शेवटी तोच दिला.

दहापट उंदीर म्हणजे दहापट धोका, असं सरळ त्रैराशिक मात्र मांडता येत नाही. समजा एका हेक्टरात १० उंदीर आहेत आणि त्यांतला १ बाधित आहे. अचानक ते १०० झाले तर सुरुवातीला बाधितांचं प्रमाण घटतं, कारण वाढलेल्यांत बहुतेक नवी, कोरी पिल्लं असतात. मग नर मोठे होतात, हद्दीवरून भांडतात, चावतात. विषाणू उंदरा-उंदरांत प्रामुख्याने या चावाचावीतून फिरतो, म्हणून बाधितांत नर जास्त सापडतात. बाधित उंदीर आजारी पडत नाही, तो जन्मभर हिंडत राहतो. त्यामुळे बाधितांचं प्रमाण उंदरांच्या संख्येच्या मागून, काही महिन्यांच्या अंतराने चढतं. दाणे भरपूर झाले, मग उंदीर झाले, मग बाधित उंदीर झाले, मग खाणं संपून ते घरांकडे वळले. या साखळीला वर्ष-दीड वर्ष लागतं. आणि म्हणूनच ती आधी ओळखता येते.

जर्मनीत हे जवळजवळ घड्याळासारखं चालतं. तिथल्या बीच वृक्षांना काही वर्षांआड सडकून फळं धरतात. २०११ च्या शरद ऋतूत ती धरली. २०११ साली देशभरात हंताचे रुग्ण होते ३०० च्या आसपास; २०१२ साली झाले २,८०० हून जास्त; २०१३ साली पुन्हा दोनशेच्या खाली. तीन वर्षांत विषाणूत काही बदल झाला नव्हता, वैद्यकीय सेवा सुधारली किंवा बिघडली नव्हती. झाडाखाली पडलेल्या फळांचा खच तेवढा कमीजास्त झाला होता. फिनलंडमध्ये बँक व्होलची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्यांत वरखाली होते आणि माणसांतल्या रुग्णांचा आलेख तिच्यामागे चालतो. २००८ मध्ये तिथे ३,२०० हून जास्त रुग्ण निघाले, ५३ लाखांच्या देशात. आपल्याकडे मिझोरामच्या लोकांना हे गणित कुणी शिकवायला नको. तिथे बांबू जवळपास अठ्ठेचाळीस वर्षांनी एकगठ्ठा फुलतो, बिया खाऊन उंदीर फोफावतात आणि बिया संपल्या की भातावर तुटून पडतात. १९५९ च्या अशा दुष्काळातूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. तिथे उंदरांनी विषाणू आणला नाही, थेट राजकारण घडवलं.

इथवर पहिल्या आकड्याचं झालं. आता मधला.

कॅलिफोर्नियातलं योसेमिटी राष्ट्रीय उद्यान बे एरियातल्या मराठी मंडळींना नवं नाही. भारतातून आईवडील आले की ठरलेल्या सहलींतलं ते एक ठिकाण आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे राहून गेलेल्या १० जणांना हंताची लागण झाली, ३ दगावले. या दहांपैकी ९ जण एकाच वस्तीतल्या, एकाच प्रकारच्या तंबूंत राहिले होते. ते ९१ तंबू नव्या धाटणीचे होते, दुहेरी भिंतीचे, मधे ऊब राहावी म्हणून फोम भरलेला. पाहुण्यांना थंडी वाजत नव्हती आणि उंदरांनाही. त्यांनी त्या पोकळीत घरटी केली होती. त्या उन्हाळ्यात या तंबूंत साधारण दहा हजार माणसं राहून गेली. म्हणजे ढोबळमानाने दर अकराशे माणसांमागे एक रुग्ण. उद्यानात इतरत्र मुक्काम केलेल्या, नंतर इशारा पाठवाव्या लागलेल्या माणसांचा आकडा दोन लाखांच्या वर होता आणि त्यांच्यात रुग्ण निघाला एक. जंगल एकच, उंदीर एकाच जातीचे. धोक्यात शंभरपटींहून जास्त फरक पडला तो भिंतीतल्या चार बोटं पोकळीमुळे.

म्हणून मला मधला आकडा महत्त्वाचा वाटतो. विषाणू उंदराच्या लघवीत, विष्ठेत, लाळेत असतो. ती वाळली, कुणी झाडू मारला, धूळ उडाली आणि बंद जागेत ती श्वासाबरोबर आत गेली की झालं. उंदीर चावायला लागत नाही, दिसावाही लागत नाही. लागण आणि ताप यांत एक ते आठ आठवड्यांचं अंतर पडू शकतं. तोवर माणूस सहल विसरलेलाही असतो. उपायही तेवढेच साधे आणि आकड्यांत सांगता येतील असे आहेत. बंद राहिलेली खोली उघडली की निदान अर्धा तास दारं-खिडक्या उघडी टाकून बाहेर थांबायचं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी यांनी भिजवून पाच मिनिटं थांबायचं, मग हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यायचं. सहा मिलिमीटरची फट लहान उंदराला पुरते, ती बुजवायची. सूर्यप्रकाशात आणि ब्लीचमध्ये हा विषाणू टिकत नाही. मात्र एकदा तो फुप्फुसांत पोचला की त्यावर खात्रीचं औषध नाही. प्राणवायू आणि फार झालं तर रक्त शरीराबाहेर काढून त्याला प्राणवायू पुरवणारं यंत्र, एवढ्यावर डॉक्टर वेळ काढतात.

मधला आकडा देशाच्या पातळीवर खाली आणता येतो, याचा दाखला चीन देतो. १९५० ते २००७ या काळात तिथे हंतामुळे होणाऱ्या रक्तस्रावी तापाचे १५ लाख ५७ हजार ६२२ रुग्ण नोंदले गेले, ४६ हजार ४२७ मेले. अमेरिकेच्या ८६४ रुग्णांवर जितके लेख लिहिले गेले असतील त्याच्या निम्मे तरी या पंधरा लाखांवर लिहिले गेले असतील का, शंका आहे. एकट्या १९८६ साली तिथे एक लाख पंधरा हजारांहून जास्त रुग्ण होते. पुढे लस आली, उंदरांवर मोहिमा झाल्या. पण त्याबरोबर मातीची घरं जाऊन विटा-सिमेंटची आली, धान्य घरातल्या कणगीतून बाहेर गेलं, शेतात रात्री राखणीला झोपणारी माणसं कमी झाली. नंतरच्या काळात आकडा वर्षाला दहा हजारांच्या आसपास उतरला. लशीचा वाटा किती आणि सिमेंटचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. नायजेरियात, सिएरा लिओनमध्ये लासाचा उंदीर अजून घरातच राहतो. धान्य जिथे, तिथेच तो आणि तिथेच निजणारी मुलं.

उंदीर म्हणजे विषाणूंची खाण, असं एक वाक्य आजकाल सरसकट लिहिलं जातं. आकडे ते पुरतं मान्य करत नाहीत. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जाती २,२०० हून जास्त, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी साधारण चाळीस टक्के. २०१५ मध्ये झालेल्या एका मोठ्या पडताळणीत २,२७७ जातींपैकी २१७ जाती माणसाला होणारा एखादा तरी आजार बाळगतात असं दिसलं. दहांत एक. उरलेल्या नवांवर काही पुरावा नाही. २०२० मध्ये मोलेन्त्झ आणि स्ट्रायकर या दोन संशोधकांनी चारशेहून जास्त विषाणूंचा हिशेब मांडला, तेव्हा निष्कर्ष निघाला की उंदीर किंवा वटवाघळं यांच्या अंगात काही खास दुर्गुण नाही. ज्या गटात जाती जास्त, त्या गटात माणसाला लागणारे विषाणूही त्याच प्रमाणात जास्त. हा हिशेब मला पटतो.

पण त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने यात मेख मारली. जगभरातल्या ६,८०१ ठिकाणच्या प्राण्यांच्या नोंदी आणि माणसाला लागणारे रोगजंतू बाळगणाऱ्या ३७६ जाती एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की, माणसाने शेती-वस्तीसाठी मोडलेल्या जमिनीवर अशा जातींची एकूण संख्या शेजारच्या न मोडलेल्या जमिनीपेक्षा २१ ते १४४ टक्क्यांनी जास्त होती. जंगल तोडल्यावर सगळे प्राणी जात नाहीत. जे लवकर वाढतात, भराभर वितात, काहीही खातात, ते राहतात. आणि रोगजंतू बाळगणारे उंदीर नेमके त्यांच्यातच आहेत. पनामात संशोधकांनी काही जागांवरून विषाणू न बाळगणारे छोटे प्राणी मुद्दाम हलवले, तर उरलेल्या उंदरांत हंताची लागण वाढली. म्हणजे दहांतला तो एक आपल्या अंगणात येतो आणि बाकीचे नऊ आपणच हाकलतो.

कधी कधी मात्र हे सगळं गणित एका ठिकाणी तुटतं. अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात एपुयेन नावाचं छोटं गाव आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका माणसाला लांब शेपटीच्या जंगली उंदराकडून अँडीज विषाणू लागला. ताप असताना तो एका वाढदिवसाच्या जेवणाला गेला. शंभरेक पाहुणे होते, त्यांतल्या पाच जणांना त्याच्याकडून लागण झाली. फेब्रुवारीपर्यंत ३४ रुग्ण झाले, ११ मेले. या ३४ पैकी उंदराकडून थेट लागण झालेला एकच. बाकीचे सगळे माणसाकडून माणसाला. सुरुवातीला एका रुग्णामागे सरासरी २.१२ नवे रुग्ण होत होते. लक्षणं असलेल्यांना वेगळं ठेवलं, संपर्कातल्यांना घरी थांबवलं, तेव्हा तो आकडा ०.९६ वर आला आणि साथ विझली. माणसाकडून माणसाला पसरण्याची ही ताकद हंता कुटुंबात आजवर अँडीजनेच दाखवली आहे.

भारताचं काय? जगातला पहिला हंताविषाणू वेगळा काढला गेला तो भारतात, कोरियाच्या बारा वर्षं आधी. १९६४ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या तोट्टापाळयम भागात जपानी मेंदूज्वराचा शोध घेताना एक चिचुंद्री पकडली गेली आणि तिच्यात एक अनोळखी विषाणू निघाला. तो कीटकांकडून पसरणारा असावा असं समजून त्याची नोंद झाली; हंताविषाणूंचं कुटुंब ओळखलं गेल्यावर मागाहून कळलं की हा त्यातलाच. आपल्या स्वयंपाकघरात चूं-चूं करत भिंतीच्या कडेने पळणारी चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी कुरतडणाऱ्या प्राण्यांतली नाही. ती किडे खाणारी. या विषाणूने माणूस आजारी पडल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण पुढे दक्षिण भारतात तपासण्या झाल्या, तेव्हा काही माणसांच्या रक्तात हंताविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. कधी तरी, कुठे तरी गाठ पडलेली आहे.

मग रुग्ण का दिसत नाहीत? माझा तर्क असा की, ते लेप्टोच्या सावलीत झाकले जातात. महाराष्ट्रात उंदीर आणि पाऊस म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात लेप्टोस्पायरोसिस येतो आणि ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर मुंबईने ते पुरेपूर भोगलं. लेप्टो हा जिवाणू, त्यावर डॉक्सिसायक्लीन चालतं. पण ताप, अंगदुखी, प्लेटलेट उतरणं, मूत्रपिंडं थकणं ही लक्षणं मूत्रपिंडांवर जाणाऱ्या हंताचीही आहेत. पावसाळ्यात डेंगी नाही, मलेरिया नाही, लेप्टोही नाही असा निकाल आलेला रुग्ण ‘व्हायरल’ म्हणून घरी जातो. त्या शब्दाच्या पोटात काय काय असेल, ते तपासल्याशिवाय छेदात येणार नाही.

सिंधुदुर्ग आणि गोव्याने मात्र हा मधला आकडा प्रत्यक्ष पाहिला आहे. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. नाव माकडाचं असलं तरी त्याचा विषाणू गोचिडांत आणि जंगलातल्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या छोट्या प्राण्यांत फिरत राहतो. माकड आपल्यासारखंच त्याला बळी पडतं. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात. सिंधुदुर्गात त्या एका हंगामात शंभराहून जास्त रुग्ण निघाले. हंगाम कुठला, तर काजूचा. जानेवारीपासून मेपर्यंत बागेत वाकून, पालापाचोळ्यातून बोंडं वेचणारी माणसं आणि त्याच पाचोळ्यातल्या गोचिडी. हंगाम संपला, पाऊस पडला की रुग्ण थांबतात. जंगलातले उंदीर तेव्हाही असतातच.

एक गोष्ट प्रमाणात ठेवण्यासाठी सांगतो. भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग आणि घोणस शेतात, गोठ्यात, घराच्या मागच्या अंगणात येतात ते बहुतांशी उंदरांच्या मागावर. उंदरामुळे जाणारे जीव मोजायचे ठरवले तर आपल्या देशात विषाणूंच्या आधी हा रकाना भरावा लागेल. धान्य नीट झाकलं, कचरा उचलला, फटी बुजवल्या तर साप, लेप्टो आणि विषाणू हे तीनही रकाने एकदम उतरतात. स्वतंत्र ‘हंता कार्यक्रम’ काढण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं.

मोजणी करायचीच तर सोय हाताशी आहे. मुंबई महापालिका रात्रपाळीला उंदीर मारणारी माणसं नेमते. हातात टॉर्च आणि काठी, गल्लीबोळांत आणि बाजारांच्या मागे फिरून एका रात्रीत ३० उंदीर मारून सकाळी जमा करायचे, तेव्हा हजेरी लागते. हा आकडा मेलेल्या उंदरांचा आहे. मागे किती उरले हे त्यावरून कळत नाही, त्यांच्या अंगात काय आहे हेही नाही. पण महिन्याच्या पंचवीस रात्री धरल्या तर एका माणसाचे ७५० उंदीर होतात. त्यांतल्या दर पन्नासाव्या उंदराचा थेंबभर रक्ताचा आणि फुप्फुसाचा नमुना काढून सेऊल विषाणू आणि लेप्टो यांसाठी तपासला, तर एकामागे महिन्याला १५ नमुने, वॉर्डाच्या आणि गल्लीच्या नोंदीसह. उंदीर मारायचा खर्च आधीच झालेला असतो. नमुना काढायची सुई, बर्फाची पेटी आणि तपासणी एवढाच वरखर्च. आणि विषाणू तपासायला पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था मुंबईहून तीन-चार तासांवर आहे.